जावयाच्या आंघोळीचं पाणी

थंडीला माझ्या सासऱ्यांइतका भिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला थंडी कधी वाजलीच नाही. पौषातल्या सकाळी, बोलताना तोंडातून वाफा निघत असताना, हा गृहस्थ साखरा गावातल्या आपल्या अंगणात बिनबाह्यांच्या बंडीवर फिरायचा. कानाला मफलर नाही, पायात चप्पल असली तर असली. ते भ्यायचे ते त्यांच्या ट्रकसाठी. दसऱ्याचं सोनं वाटून घरी आले की त्यांच्या कपाळाला जी आठी पडायची ती थेट महाशिवरात्रीला, थंडी शिव शिव म्हणत गेल्यावरच सुटायची. मधल्या चार-साडेचार महिन्यांत त्यांना सोयाबीनचा भाव विचारा, तब्येत विचारा, निवडणुकीचं विचारा, उत्तर एकच मिळायचं. "ते राहू द्या. आज सकाळी वारं कुनीकडून सुटलं व्हतं?"

आता तुम्ही म्हणाल, हिंगोली जिल्ह्यात अशी कसली आलीय थंडी? मीही लग्नाआधी हेच म्हणत होतो. मी औंढ्याला शाळेत मास्तर, थंडी म्हणजे शाळेच्या पटांगणात कोवळ्या उन्हात वर्ग भरवायचा एवढाच आमचा संबंध. पण जुनी डिझेल गाडी थंडीत कशी रुसते हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मामांचा ट्रक (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात) घेतला तेव्हाच कोणीतरी वापरून दमलेला होता. त्याचं इंजिन म्हातारं आणि बॅटरी इंजिनाची आजी. तरीही सकाळी किल्ली फिरवली की पहिल्याच घरघरीला इंजिन पेटलं पाहिजे, दुसऱ्यांदा किल्ली फिरवावी लागता कामा नये, असा मामांचा बाणा होता. ड्रायव्हर मंडळी याला 'एका सेल्फात' म्हणतात. गावातल्या बाकीच्या गाड्यांना सकाळी दहा-दहा माणसं धक्का मारत वेशीपर्यंत न्यायची, जीपवाले तर प्रवाशांनाच खाली उतरवून ढकलायला लावायचे. मामा ओट्यावर उभे राहून तो तमाशा बघायचे आणि तोंड फिरवायचे. त्यांच्या ट्रकला पंचवीस वर्षांत एकदाही धक्का बसला नव्हता. एकदा कोणी तरी मदतीच्या भावनेनं मागून हात लावला, तर मामा त्याच्यावर असे खेकसले की बिचारा आठ दिवस त्या गल्लीतून गेला नाही. "लेकीला कोनी चारचौघात ढकलतं का रे?" असं ते त्याला म्हणाले होते.

लेक म्हणजे खरोखरच लेक. याचा पत्ता मला मुलगी बघायला गेलो त्या दिवशीच लागला. डिसेंबरातली संध्याकाळ होती. पोहे आले, मुलगी आली, माझे वडील तिला नाव-गाव विचारू लागले, आणि मुलीचा बाप मध्येच उठून बाहेर गेला. पाच मिनिटांनी आला, बसला, पुन्हा उठून गेला. वडिलांनी काळजीनं विचारलं, "काय झालं पाव्हणं? काही अडचण?" मामा म्हणाले, "अडचन न्हाई हो. थोरलीला पांघरून घालून आलो. थंडीची लई तकलीफ तिला, सकाळी उठतच न्हाई." झालं! वडिलांनी पोह्याची बशी खाली ठेवली. थोरली आजारी, बिनलग्नाची, घरात लपवलेली, आणि धाकटी आपल्या गळ्यात मारून राहिलेत, असा सगळा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. ते उठायच्याच बेतात असताना मामांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं अंगणात नेलं. तिथं एक ट्रक उभा होता आणि त्याच्या तोंडावर, म्हणजे बोनेटवर, चांगली जाडजूड गोधडी टाकून कडेनं सुतळीनं बांधली होती. "ही थोरली," मामा म्हणाले. वास्तविक ट्रक घरात आला तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी तिसरीत होती. पण थोरलेपण वयावर नसतं, मानावर असतं. वडिलांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथंच, ट्रकच्या साक्षीनं, लग्न पक्कं करून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

ती गोधडी मामींनी स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याची शिवलेली होती. घरातली सर्वांत ऊबदार गोधडी, आणि ती वर्षातले चार महिने ट्रकच्या अंगावर. मी जावई असून मला बाजारातलं टोचरं ब्लँकेट. मामी यावर कायम धुसफुसायच्या, पण सांज झाली की गोधडी झटकून मामांच्या हातात द्यायच्याही त्याच.

गोधडी हा झाला पहिला उपाय. दुसरा उपाय शेगडीचा. पहाटे मामा गोवऱ्यांचा विस्तव करून, धग जरा बसली की शेगडी ट्रकच्या पोटाखाली सरकवायचे, म्हणजे आतलं गोठलेलं ऑइल पातळ होतं. मग स्वतः बाजूला उकिडवे बसून राहायचे. बाळंतिणीची खाट शेकावी तशी ती राखण चालायची. शेगडी म्हटली की माणसं आलीच. गल्लीतले सगळे म्हातारे कांबळी पांघरून ट्रकच्या पोटाशी गोळा व्हायचे, हात शेकायचे, आणि गावातली कोणाची सून कशी आहे ते तिथंच ठरायचं. गावात पेपर दहा वाजताच्या यष्टीनं यायचा, पण त्याची गरजच नसायची. एका हिवाळ्यात तर गल्लीतल्या कुत्रीनं त्या ऊबेला पिल्लं घातली. मामांनी तीन दिवस ट्रक हलवला नाही. तूर भरायला आलेला शेतकरी दारात उभा राहून ओरडतोय, आणि मामा शांतपणे त्याला सांगतायत, "वलं बाळंतपन हाय. सोमवारी या."

तिसरा उपाय ऊन पाण्याचा. त्या उपायानं माझा जो बळी घेतला तो मी जन्मात विसरणार नाही. सांजच्याला मामा रेडिएटरमधलं सगळं पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी त्यात कढत पाणी भरायचे. ते पाणी कुठून यायचं? मामींच्या बंबातून. तांब्याचा तो बंब मामींच्या माहेरचा. माझी पहिली दिवाळी, दिवाळसण. नरक चतुर्दशीला अंधारातच मला उठवलं, पाटावर बसवलं, हिनं तेल लावलं, मामींनी ओवाळलं, अंगाला उटणं चोळलं. मी तेलानं आणि उटण्यानं माखून, डोळे मिटून, आता पहिला तांब्या अंगावर येतो म्हणून वाट बघत बसलो. बसलो तो बसलोच. दात वाजायला लागले. मामी आत गेल्या आणि तिथूनच किंचाळल्या, "आवं, बंबातलं पानी कुठं गेलं?" त्याच क्षणी अंगणातून घर्रर्र आवाज आला, आणि त्यावर मामांचा विजयी आवाज, "एका सेल्फात!"

मामा आत आले ते हसत हसत. मला तसा बघून क्षणभर वरमले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. तुमी तरनेताठे हायेत, थंड पान्यानं काही व्हनार न्हाई. तिचं वय झालं." पहिल्या दिवाळीला जावई बोलत नसतो. हौदातलं पाणी तांब्या-तांब्यानं अंगावर घेत मी कारीट फोडलं, आणि खरं सांगतो, अंगठ्याखाली चिरडताना त्या नरकासुराला चाकं आहेत असंच मला वाटत होतं. पुढं दर दिवाळीला हेच. मामी रात्री बंब भरून ठेवायच्या, मला बजावून सांगायच्या की या खेपेला कडी लावलीय, आणि सकाळी कडी उघडी आणि बंब रिकामा. हीसुद्धा बापाचीच बाजू घ्यायची. "माझ्या शाळेच्या फीस तिनंच भरल्यात," असं एकदा मला ऐकवलं. त्यानंतर मी तक्रार केली नाही.

दोन हजार सालानंतर मामांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली. मामींचा भाचा फौजेत होता, बर्फाच्या मुलखात. तो सुट्टीवर आला आणि शेगडीपाशी बसल्या बसल्या सांगून गेला, की तिकडं ट्रकच्या इंजिनातच, जिथं पाणी खेळतं तिथं, एक हीटर बसवतात. संध्याकाळी पाणी न सोडता त्याची पिन विजेला जोडून ठेवायची, सकाळपर्यंत इंजिन आपलं कोमट. मामा ताडकन उठले. त्यांनी त्या भाच्याचा दंड धरला आणि घरोघरी फिरवला. "सांग यांना. सांग. फौजेत काय करतेत ते सांग. आन् मला येडा म्हनत व्हते!" दोन दिवस तो बिचारा साक्ष देत फिरला. पुढच्या सुट्टीत त्यानं खरोखरच तसला एक हीटर कुठल्याशा बाजारातून आणला, पेरूएवढा, शेपटीसारखी वायर असलेला. मामा ट्रक घेऊन हिंगोलीच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं ती वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मामू, क्या बात है? हिंगोली में बर्फ गिरनेवाली है क्या?" मामा म्हणाले, "तू फिट कर. बर्फ का मैं देख लूंगा."

हीटर बसला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. सांजच्याला अख्ख्या गल्लीसमोर मामांनी पिन लावली, बटण दाबलं, आणि बरोबर त्याच मिनिटाला लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते. संध्याकाळी गेलेली वीज सकाळ सरून गेल्यावर उगवायची, म्हणजे थोरली सेनगावच्या धान्याच्या मोंढ्यात उन्हात तापत उभी असताना. हीटरला वीज होती तेव्हा ट्रक नव्हता आणि ट्रक होता तेव्हा वीज नव्हती. अशी त्यांची नवरा-बायकोची पत्रिका जुळेनाच. सबंध हिवाळ्यात एकदाच, कोणाच्या तरी चुकीनं, पहाटे वीज आली. मामांनी इंजिनावर हात ठेवला, मग मामींना हाक मारून त्यांचाही हात तिथं ठेवायला लावला. "बघ. एवढंच पाहिजे व्हतं. लेकराच्या अंगाएवढं." मामी म्हणाल्या, "व्हय की वो." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोवऱ्या, पुन्हा बंब, पुन्हा मी हौदावर.

थंडीनं थोरलीला कधी हरवलं नाही. हरला तो मामांचा डावा गुडघा. क्लच दाबायचा पाय तोच. वर्षभर लपवलं, मग एकदा सेनगावच्या घाटीत पाय उठलाच नाही, तेव्हा डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची मनाई केली. घरात चालवणारं दुसरं कोणी नाही. जावई म्हणाल तर सायकलवरूनही पडणारा मास्तर. वर्षभर उभी गाडी गंजते, असं मामीच एकदा म्हणाल्या, आणि मामांनी होकार दिला. वाशिमकडचं एक गिऱ्हाईक ठरलं. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत तो गाडी न्यायला येणार होता. मामांनी मला निरोप धाडला, "थोरलीला देऊन राहिलो. येऊन जा."

मी आदल्या संध्याकाळी पोचलो. जेवणं झाल्यावर मामांनी मला हाताला धरून ट्रकच्या मागं नेलं आणि कानाशी लागले. "जावईबापू, आज पानी सोडलं न्हाई. तसंच थंडगार राहू देतो. उद्या शेगडी न्हाई, गोधडी न्हाई, काहीच न्हाई. बघू कशी सुरू व्हती. सुरूच झाली न्हाई तर तो मानूस काय करंल? गाडी बिघडली म्हनंल, इसार वापस घेईल, जाईल आपल्या वाटनं." मी म्हटलं, "मामा, हे बरं नव्हे." म्हणाले, "मला म्हाईत हाय. पन मला दुसरं काही सुचून न्हाई राहिलं." त्यांचा आवाज एवढा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. "मामीला सांगू नका मातर," एवढं म्हणून ते गेले. आता, आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून बोलणाऱ्या माणसाचं कुजबुजणं कसलं? ते चार घरं पलीकडं ऐकू गेलं असणार.

सकाळी मी सवयीनं बंबाजवळ गेलो. बंब रिकामा, खाली निखारे लाल. मला हसूच आलं. म्हटलं, म्हातारा रात्रीतून विरघळला वाटतं, शेवटी केलंच लेकीचं. पण ओट्यावर येऊन बघतो तर मामा बाजेवर पडलेले, आणि मामींच्या लग्नाच्या लुगड्याची ती गोधडी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या स्वतःच्या अंगावर डोक्यापर्यंत ओढलेली. मी विचारलं, "मामा, पाणी तुम्ही घेतलं का?" गोधडीच्या आतून उत्तर आलं, "म्या कशाला घेऊ? आज कोनाला लागतंय?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, सोबत ड्रायव्हर आणि दोन माणसं. "चाला काका, किल्ली द्या. उन्हाच्या आत पोचा लागते." मामा उठले. किल्ली देताना त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "देतो. पन सांगून ठिवतो, थंडीत लई हट्टी हाय. सुरू न्हाई झाली तर बोल लावू नका." तो गडी हसला. "त्यात काय जी एवढं! समोर उतार हाये. ढकलून देऊ तिघं." आणि त्यानं हाक मारायच्या आत त्याची दोन माणसं ट्रकच्या मागं जाऊन फळीला हात लावून उभीसुद्धा राहिली.

मामांचा चेहरा असा पांढरा पडला की मी त्यांना धरायला पुढं झालो. एवढा मोठा बेत आखला, पण धक्क्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. गाडी सुरू झाली नाही की लोक ढकलतात हे सगळ्या जगाला ठाऊक, फक्त ज्याच्या गाडीला कधी धक्का बसला नाही त्या माणसाला नाही. लंगडत लंगडत ते मागं धावले. "हात काढा! धक्का न्हाई! धक्का न्हाई म्हनतो ना!" ते ओरडत होते, आणि वर बसलेल्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

घर्रर्र!

"बघितलं का!" मामा गर्रकन वळले. चेहरा फुललेला, छाती पुढं, हात हवेत. "एका सेल्फात! जानेवारीत! अशी गाडी वाशिम काय, नागपूरपातुर घावनार न्हाई तुमाला! मोठं नशीब तुमचं..." आणि आपण कोणाला काय सांगतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. हात खाली आले. ते ट्रकच्या तोंडाशी गेले आणि बोनेटवर तळवा ठेवला. ते कोमट होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवून 'मी नाही' म्हणून सांगितलं, आणि मग आम्ही दोघांनी दाराकडं पाहिलं. मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. पदर भिजलेला, हाताला कोपरापर्यंत गोवऱ्यांची राख.

"तू केलंस व्हय हे?" मामांनी विचारलं.

"मग कोन करनार?" मामी फणकाऱ्यानं म्हणाल्या. "राती सगळं ऐकलं म्या. काहून असं करून राहिले वो तुमी? ती जानार ते जानारच. परक्या मानसांनी ढकलत न्यावी का माझी लेक? आन् सासरी जाती लेकीला कोनी थंड पान्यानं न्हाऊ घालतं का?"

ज्या बाईनं पंचवीस वर्षं बंबाला कड्या लावल्या, तिनं पहाटे उठून एकटीनं ट्रकचं थंड पाणी सोडलं होतं, हंड्या-हंड्यानं ऊन पाणी भरलं होतं आणि शेगडी ठेवून पुन्हा काढली होती. मामींनी बोनेटला कुंकू लावलं, सीटवर खण-तांदळाची ओटी भरली, मग बाजेवरची गोधडी घडी करून तीही आत ठेवली. गिऱ्हाईक म्हणालं, "हे कायले जी?" मामी म्हणाल्या, "तिची हाय." मामा ट्रकबरोबर वेशीपर्यंत चालत गेले. सारा वेळ वर बघून ड्रायव्हरला सांगत होते, दिवाळीपासून पाणी ऊन घाल, सांजच्याला सोडत जा, पिन हाय, लाइट असली तर पानी ठिवून लाव, आन् धक्का न्हाई बाबा, धक्का न्हाई. ड्रायव्हर हो हो म्हणत होता. चांगला मुलगा होता, वळणावर त्यानं हॉर्न दिला. मामा परत आले आणि दुपारपर्यंत जेवले नाहीत. मीही नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही गेलो. पहाटे पाटावर बसलो, हिनं तेल लावलं, मामींनी उटणं लावलं. बंबाला कडी नव्हती. मामा स्वतः हंडा घेऊन आले, पाणी चांगलं वाफाळत होतं. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला, दहावा ओतला. इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी मी तळमळलो ते धो-धो अंगावर येत होतं, आणि मला कसंसंच व्हायला लागलं. अंगण नुसतं रिकामं, म्हातारे आपापल्या घरात. मी पाटावरून उठत म्हटलं, "बास मामा, झालं आता. पुरे."

मामांनी हंड्यात वाकून बघितलं. अर्धा हंडा अजून भरलेला होता. माझ्याकडं न बघता, अंगणाकडं तोंड करून ते हळूच म्हणाले, "आन् मग हे उरलेलं कोनाला घालू?"

मी पुन्हा पाटावर बसलो आणि म्हटलं, "घाला मामा. माझ्याच अंगावर घाला."